सहदेवकाकांची अडीचची वायर

सहदेव घाडीगावकरांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना काही कळत नाही. आणि दुसरी, ज्यांना काही कळत नाही पण कळतं असं वाटतं. पहिल्यांना ते माफ करत. दुसऱ्यांना बघून त्यांची तब्येत खुलत असे. विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं वायरमन म्हणून काढून ते निवृत्त झाले. कन्नमवार नगरातली जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यात अकराव्या मजल्यावर घर मिळालं, आणि या दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडे बघून नाक मुरडायला काकांना सगळा दिवस मोकळा मिळाला.

माणसांना काही तोटा नव्हता. दाराआड स्विचबोर्ड बसवणारा बिल्डरचा इलेक्ट्रिशियन होता. वायरीच्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून 'फिट आहे काका' म्हणणारा इंटरनेटवाला होता. सोसायटीचा सेक्रेटरी तर भर मीटिंगमध्ये अर्थिंगला न्यूट्रल म्हणाला, तेव्हापासून काका त्याचा उल्लेख 'तो न्यूट्रल' असाच करत. पण त्यांचा सगळ्यात जास्त राग होता तो आजकालच्या बोलण्यावर. कोणी म्हणून स्पष्ट बोलत नाही. सगळे पुटपुटतात. लिफ्टमध्ये शेजाऱ्याने काही विचारलं की काका खेकसायचे, "तोंडात काय धरलंय? नीट बोल!" शेजारी बिचारा ओशाळायचा. मग त्यांच्या उजव्या हाताला उभी असलेली जानकीकाकू, त्यांची बायको, त्याने काय विचारलं ते काकांना सांगायची आणि लिफ्ट कशीबशी खाली पोचायची.

एका ठिकाणी मात्र काकांचा शब्द शेवटचा होता. त्यांच्या गावच्या लोकांचं विक्रोळीत भजन मंडळ होतं आणि मंडळ डबलबारी करायचं. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने गाणार, गजरातून एकमेकांना चिमटे काढणार, आणि कोण सरस ते समोर बसलेला हजारभर माणूस ठरवणार. त्या बारीत मिक्सर मशीनजवळचं लाकडी स्टूल बावीस वर्षं काकांचं होतं. बुवांचा आवाज किती ठेवायचा, मृदुंग किती, झांज किती, हे सगळं काकांच्या कानावर सोपवलेलं. 'आमच्या सहदेवचा कान' असं बुवा माइकवरून म्हणायचे, तेवढ्यापुरती काकांची मान खाली जायची. बाकी ती कधी जात नसे.

मागच्या वर्षी भांडुपच्या बारीत मात्र डाव्या बाजूचा स्पीकर अर्धा तास फाटत होता. त्या बाजूची माणसं खुर्च्या उचलून उजवीकडे येऊन बसली. काका हाताची घडी घालून स्टुलावर बसलेलेच. नंतर कोणीतरी सांगितलं तेव्हा म्हणाले, जनरेटरचा दोष. तेव्हापासून मंडळातल्या पोरांची कुजबुज सुरू झाली होती की यंदा माघी गणपतीला, घाटकोपरच्या बारीत, मशीनवर दुसऱ्या कोणालातरी बसवू या. दुसरा कोणीतरी म्हणजे कोण, हेही काकांच्या कानावर आलं होतं. चैतन्य. त्यांच्या नितेशचा मित्र. आणि हे नाव काढलं होतं खुद्द नितेशने, त्यांच्या पोटच्या मुलाने.

तर अशा या नितेशने नव्या हॉलमध्ये गाणी ऐकायला एक ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर आणले. यंत्रं आली, पण ती जोडायला वायर कुठली घ्यायची यावर त्याचे आठ दिवस गेले. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात कोणीतरी परदेशी माणूस वायरींबद्दल गहिवरून बोलतोय. शेवटी त्याने एक पारदर्शक, जाडजूड वायर मागवली. खोक्यावर छापलं होतं, शंभर टक्के तांबं. काकांनी खिशातून ब्लेड काढलं, एक तार चिमटीत धरून खरवडली आणि नितेशच्या नाकासमोर धरली. तांबूस रंग निघून आतून पांढरं चकाकत होतं.

"ॲल्युमिनियम," काका म्हणाले. "वरून नुसता मुलामा. तुझ्यासारखे आहेत म्हणून ह्यांच्या फॅक्टऱ्या चालतात."

"बाबा, रिव्ह्यू चांगले होते."

"रिव्ह्यू! लोकांना विचारून तांबं होतं काय?"

सुनेला, श्रुतिकाला, हसू आवरलं नाही. नितेशने वायर गुंडाळून कपाटावर टाकली. काकांचे पुढचे दोन दिवस फार मजेत गेले.

रविवारी मुलुंडहून चैतन्य आला. कोरलेली दाढी, गुडघ्यावर फाडून घेतलेली पॅन्ट, आणि हातात मखमली पिशवी. पिशवीतून त्याने बोटाएवढी जाड, जाळीदार आवरणाची वायर अशी काढली की काकांना वाटलं, आता तिला हळदकुंकू वाहतो की काय.

"काका, ही एकदा ऐका. हिने साउंडमध्ये जो काळोख येतो ना..."

"काळोख ऐकू येतो?"

"म्हणजे मागची शांतता, काका. आणि अजून नवीन आहे. दोनशे तास वाजली की खुलेल. मुरावी लागते."

"लोणचं आहे काय?"

चैतन्य समजूतदारपणे हसला. काकांना सगळ्यात जास्त चीड याच हसण्याची. त्यांनी चष्मा लावून वायर न्याहाळली. आवरणावर दर वीतभर अंतराने एक बाण छापलेला होता.

"आणि हा बाण कशाला?"

"सिग्नलची दिशा. ॲम्पकडून स्पीकरकडे. उलट्या दिशेने लावली तर फरक पडतो."

काका इतके खूश झाले की त्यांनी चैतन्यसाठी स्वतःहून चहा सांगितला. "अरे, त्या वायरीतून करंट जातो आणि परत येतो, जातो आणि परत येतो, सेकंदाला शेकडो वेळा. त्याने परत येताना बाण वाचायचा आणि काय करायचं? सॉरी म्हणायचं?"

"काका, फिजिक्स वेगळं आणि कान वेगळा," चैतन्य म्हणाला.

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. काकांनी कप खाली ठेवला. "ठीक. तुझा कानच बघू. पुढच्या रविवारी पडद्याआड मी तीन वेळा वायर लावीन, कधी तुझी, कधी साधी दुकानातली. कुठली कुठली ते तू सांगायचं. चुकलास तर बारीला मशीनचं नाव काढायचं नाही. बरोबर आलास तर स्टूल तुझं, मी स्वतः उठतो."

"बाबा, बारीचा इथे काय संबंध?" नितेश म्हणाला.

"संबंध आहे. तुमची कुजबुज मला ऐकू येत नाही असं वाटतं काय?"

जानकीकाकू दारात उभी होती. तिने काकांकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि कप उचलून आत गेली.

त्या आठवड्यात काका स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन रीळं काढली. काकांनी तिन्हींच्या तारा ब्लेडने खरवडल्या, दोन परत केल्या, आणि तिसऱ्यातली अडीच स्क्वेअरची, घरातल्या पॉवर प्लगला असते तेवढी जाड, दोन पदरी वायर कापून घेतली. चोख तांबं. स्पीकर सहा मीटरवर, त्याला एवढं पुष्कळ. याहून जाड घेणारा माणूस एकतर मूर्ख किंवा मुलुंडचा, असं त्यांनी दुकानदारालाही ऐकवलं. वायर दिसायला अगदी साधी. दोन्ही पदर पांढरे, आणि ओळखायला एका पदरावर बारीक रेघ.

"बाबा, रेघ बघून लावा हां," नितेश म्हणाला. "स्पीकरला प्लस-मायनस असतं. लाल ते लाल, काळं ते काळं. दोन्हीकडे सेम."

"मला शिकव! चौतीस वर्षांत किती पंखे लावले असतील मी? दोन तारा अदलाबदल झाल्या म्हणून पंखा कधी उलटा फिरला? बल्बातून काळोख पडला? हे सगळे त्या बाणवाल्याचे चोचले."

रविवारी दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून, मागच्या मोकळ्या जागेवर दोरी बांधून जानकीकाकूची जुनी साडी लावली. वायरीची टोकंही साडीआड. समोर सोफ्यावर चैतन्य मध्ये, नितेश आणि श्रुतिका बाजूला. लावायला काकांनी मंडळाचंच जुनं रेकॉर्डिंग निवडलं. नितेशने ते थेट मिक्सरवरून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना सारखंच. चैतन्य ठेवून गेला होता त्या वायरीवर आठवडाभर ते वाजत होतं, आणि श्रुतिका दरवेळी म्हणायची, हे लावलं की बुवा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, टीव्हीच्या जागी बसून गातायत असं वाटतं. काकांना ते कधी पटलं नव्हतं. आवाज खोक्यातून येतो, टीव्हीतून कसा येईल? पण सुनेला किती बोलायचं, म्हणून ते सोडून देत.

पहिल्यांदा काकांनी मखमली पिशवीतली वायर लावली आणि उजव्या स्पीकरजवळच्या आपल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसले. गजर वाजला. तिघांनी माना डोलावल्या. मग काका साडीआड गेले, बराच वेळ खुडबुड केली, एकदा मुद्दाम पकड खाली पाडली, आणि काहीही न बदलता बाहेर आले.

"हां, ही वेगळी," चैतन्य डोळे मिटून म्हणाला. "जास्त मोकळी आहे. पण खर्ज जरा आखडलाय. काका, ही तुमची ना?"

काकांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. सापडला! त्याच वायरीत याला मोकळेपणाही ऐकू आला आणि आखडलेपणाही. तिथल्या तिथे साडी ओढून सगळं दाखवलं असतं तर पैज संपली असती, स्टूल राहिलं असतं. पण माणसाला एकदा तोंडावर पाडून काकांचं कधी भागलं नव्हतं. त्यांना त्याला उचलून पुन्हा पाडायचं होतं. आपली स्टेशनबाहेरची वायर लावायची, याच्या तोंडून 'वाहवा' काढून घ्यायची, आणि मग सांगायचं. ते चेहरा कोरा ठेवून म्हणाले, "बघू, अजून तिसरी आहे," आणि आत गेले.

या वेळी त्यांनी खरोखर वायर बदलली. हात सराईत होता, दोन मिनिटांत चारही टोकं आवळली. रेघ बघायचा प्रश्नच नव्हता. बाहेर येऊन खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला.

गजर सुरू झाला. बुवांचा आवाज स्वच्छ, झांज खणखणीत. काकांनी समाधानाने समोर बघितलं. श्रुतिकाने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. नितेश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवत होता. चैतन्यने डोळे उघडले होते.

"काका, एका स्पीकरला प्लस-मायनस उलटं झालंय," तो म्हणाला. "एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मधला आवाज आणि खर्ज दोन्ही खाल्ले जातायत."

काका खो खो हसले. "आता वायर उलटी! अरे दीडशहाण्या, पहिली आणि दुसरी एकच होती! तुझीच! मी हात लावला नाही तिला. काय तो मोकळेपणा, काय तो खर्ज! खर्ज आखडलाय म्हणे!"

चैतन्य कानापर्यंत लाल झाला. कोरलेल्या दाढीत त्याचं तोंड लहान मुलासारखं दिसायला लागलं. "मान्य, काका," तो म्हणाला. "तिथे मी फेकली. वायरीतलं मला काही कळत नाही असं समजा. पण हे खरंच उलटं लागलंय. हे कोणालाही कळेल."

"कोणालाही? मला नाही कळत ते?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जानकीकाकू बाहेर आली. चपात्यांची कणीक मळत होती, मनगटापर्यंत हात पिठात. मंडळाच्या मृदुंगासाठी तीस वर्षं कणीक तीच मळून द्यायची. मृदुंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा त्यातून तो घुमारा निघतो. कणीक नसली की नुसतं कातडं वाजतं. साडीआड कोणती वायर लागली आणि कोण हरलं, यातलं तिला काही माहीत नव्हतं.

"बुवा खंय गेले?" तिने विचारलं. "आणि मृदुंगाची कणीक कोणी काढल्यान?"

नितेश उठला, आवाज बंद करून साडीआड गेला, आणि एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करून परत सुरू केलं. श्रुतिकाने सुस्कारा सोडला. "आले बुवा मध्ये."

"आता कशी बसली!" काकू म्हणाली.

काकांना काडीचा फरक कळला नाही. आधी जसं वाजत होतं तसंच आताही वाजत होतं. म्हणजे या सगळ्यांनी ठरवून केलेलं. त्यात बायकोही. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"तूही त्यांना सामील काय गो?" ते ओरडले. "तुला काय कळतंय यातलं? चपात्या लाट जा!"

चार वर्षं जानकीकाकू त्यांच्या उजव्या हाताला चालत आली होती. देवळात, लग्नात, बाजारात, गर्दीत धक्के खात, पण उजवीकडे. लोकांनी काय म्हटलं ते त्यांना परत सांगत आली होती, जसं काही लोकच पुटपुटत होते. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती. पण हे वाक्य तिला लागलं. मुलासुनेसमोर, परक्या मुलासमोर लागलं. ती खुर्चीजवळ आली, हात पदराला पुसल्यासारखा केला, आणि तळवा काकांच्या उजव्या कानावर घट्ट दाबला.

बुवा गेले. झांज गेली. अकरा मजले खाली कोणीतरी ढोलकी वाजवत असावं तेवढं काहीतरी उरलं. समोर नितेशचे ओठ हलत होते. काकांनी तिचं मनगट धरून हात बाजूला ओढला, तसा गजर धाडकन परत आला. मग स्वतःच्याच बोटाने त्यांनी उजवा कान पुन्हा बंद केला. पुन्हा सगळं गेलं. मग डावा बंद केला. काहीच झालं नाही.

कारखान्यात त्यांच्या बाकाच्या डावीकडे कॉम्प्रेसर होता. चौतीस वर्षं. कानात बोळे घालायला सांगणाऱ्या सेफ्टीवाल्यालाही काका हसले होते.

"चार वर्सां झाली," जानकीकाकू म्हणाली. "डाव्या कानान तुमका आयकाक येणा नाय. माका वाटला, कशाक सांगू. तुम्ही लोकांका ओरडत रवलात, मी सांगत रवलंय."

नितेशने गाणं बंद केलं. काकांनी सवयीने कोणाकडे तरी तुच्छतेने बघायला मान वर केली. चैतन्य होता, पण त्याने आपली थाप कबूल केली होती. नितेश खाली बघत होता. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांना लाज वाटली. लाजेची सवय नसल्यामुळे तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. भांडुपच्या मैदानात खुर्च्या उचलून डावीकडून उजवीकडे येणारी माणसं त्यांना आठवली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, लोक आपल्याजवळ बसायला येतायत.

शेवटी ते चैतन्यला म्हणाले, "त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घाल, नाहीतर बारीभर झुलत बसशील."

"काका, पण पैज तर मीच हरलो ना?"

"हरलासच. एक नंबरचा थापाड्या आहेस. पण तुला कान दोन आहेत." मग म्हणाले, "आणि ती बाणवाली वायर घाटकोपरला आणलीस तर तिनेच बांधून ठेवीन तुला."

नितेश तोवर खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला होता. त्याने काहीतरी विचारलं. काकांना त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. 'तोंडात काय धरलंय' अगदी जिभेवर आलं. जानकीकाकूने सवयीने सांगायला तोंड उघडलं. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. खुर्चीतून अर्धे उठले, वेताची खुर्ची करकरत पूर्ण फिरवली, आणि उजवा कान मुलाकडे केला. त्या कानाच्या पाळीला अजून कणीक चिकटलेली होती.

"ऐकू नाही आलं रे," ते म्हणाले. "परत सांग."

"वायर कुठली ठेवू, विचारलं."

"माझीच ठेव. तांबं चोख आहे," काका म्हणाले. "जोडायला मात्र ह्या बाणवाल्याला सांग."